बांध टिकणार नाही, असं मी माणगावात म्हणाले

एसटी सुटायला आली तरी बाबा तळा या तालुक्याच्या गावी, स्टँडवर माझी बॅग सुंभाने आवळत होते. नेदरलँड्सला जाणाऱ्या बॅगेला सुंभ बांधत नाहीत, हे सांगून मी दमले होते. "वाटंत फुटली तर?" एवढंच ते म्हणाले. आई म्हणाली, "वल्या केसांनी भायेर पडू नको." आमच्या घरचा निरोप तेवढ्यावर आटोपला.

आता मी तिकडे क्लायमेट आणि स्थलांतर शिकवते. तिथल्या बांधांवर ऑफिस असतं, सेन्सर असतात, पगारी माणसं असतात. आमचं गाव खाडीकाठी, शेतं भरतीच्या पाण्याहून खाली, मध्ये मातीचा बांध. उधाणात तो फुटला की "खांड पडली!" अशी हाक येते आणि दर घरचं एक माणूस ताटावरून उठून धावतं. न येणाऱ्याला दंड नाही. त्याच्या घरच्या लग्नाला मांडव घालायला कुणी जात नाही, इतकंच.

यंदा सुट्टीवर आले तर माणगावच्या एका कॉलेजने बोलावलं. जागतिक राजकारण, स्थलांतर, पर्यावरणाचा कारभार अशी जाहीर व्याख्यानमाला. शाल, श्रीफळ, चालू न होणारा प्रोजेक्टर, सगळं रीतसर. बाबा बांधाच्या कमिटीचे म्होरके. ते दोन मिनीडोर रिक्षा भरून गाव घेऊन आले आणि पुढच्याच रांगांत बसले. रविवारी ग्रामसभा होती. सरकारकडे पक्का बांध मागायचा की वर माळावर नवी जागा, हे ठरायचं होतं आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

जे वाक्य मी परदेशात चहाचा कप हातात धरून बोलते, ते तिथे बोलायला जड गेलं. बांधाला दगड नाही, सिमेंट नाही. तो टिकेल या भरवशावर माणसं येतात, म्हणून तो टिकतो. मी भरवसा काढला तर पुढच्या उधाणाला कोण उठणार? मला चक्क पळून जावंसं वाटलं. पण खोटं बोलले असते तर पोरंबाळं त्याच खोलगटात घरं बांधत राहिली असती.

"बांध फार वर्षं टिकणार नाही," मी म्हणाले. "गावाने उठायची तयारी आत्ताच करावी."

प्रश्नोत्तरांत बाबाच उभे राहिले. भर सभेत मुलीला काय म्हणावं, हे त्यांना सुचलं नसावं.

"म्याडम, गाव उठंल तवा उठंल. जागा मिळंपर्यंत बांधावर कोन येनार?"

"याचा अभ्यास व्हायला हवा" हे आम्हा प्राध्यापकांचं ठेवणीतलं उत्तर. ते काही जिभेवर येईना. "मला माहीत नाही, बाबा," मी माइकवर म्हणाले. प्राचार्यांनी घाईघाईने आभार मानले.

ग्रामसभेच्या आदल्या दिवशी, दुपारच्या भरतीला खांड पडली. मी बाबांच्या मागे धावले. खालच्या आळीची माणसं आली होती. वरच्या आळीतून एकही नाही. बांधावरून त्यांच्या ओट्यांवर बसलेली माणसं दिसत होती. खारं पाणी भाताच्या आवणात शिरत होतं आणि त्याला माझं वाक्य कारण होतं, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

माझ्यासारखे जे गाव सोडून गेलात, त्या तुम्हाला सांगते. मला वाटायचं, घर म्हणजे आठवण येते ती जागा. आठवण कशाचीही येते, एसटीच्या वासाचीही येते. जिथे माझ्या बोलण्याने कुणाचं भात बुडू शकतं, ते माझं घर. बाकी सगळीकडे माझ्या बोलण्यावर टाळ्या पडतात.

बाबा कमरेइतक्या पाण्यात उभे होते. त्यांनी चिखलाचा मोठा गोळा माझ्या हातात दिला.

"खरं बोललीस," ते म्हणाले. "आता लाव हात."