चार मिनिटांतला यांचा आवाज

बायोप्सीचा रिपोर्ट बाजूला ठेवून डॉक्टर आमच्या यांच्याकडे वळले. ‘‘काका, स्वरयंत्राचा कॅन्सर आहे, वाढलेला आहे. स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. काही विचारायचंय तुम्हाला?’’

यांनी तोंड उघडलं आणि उत्तर मी दिलं. ‘‘नाही डॉक्टर, समजलं सगळं.’’

समजलं काहीच नव्हतं. पण चाळीस वर्षं आमच्या घरात असंच चालत आलंय. चहात साखर किती, शर्टाचं माप काय, पोटात दुखतंय की छातीत, विचारणार यांना आणि सांगणार मी. हे सावकाश बोलणारे, वाक्य सुरू करून मधे थांबणारे. मला तेवढा धीर कधीच नव्हता. शिवाय डॉक्टरांना उलट काही विचारायचं नाही, हे ठाकूरद्वारच्या माझ्या माहेरीच अंगवळणी पडलेलं.

आवाज तीन महिने बसला होता. ऑफिसात असताना हे सिगारेट ओढायचे आणि बडीशेप चघळत घरी यायचे. मला ते माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे यांनाही माहीत होतं. तरी आम्ही ज्येष्ठमध, हळद-दूध, मिठाच्या गुळण्या करत बसलो. तुमच्या घरात कुणाचा आवाज दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त बसला, तर कृपा करून हे करू नका. सरळ कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा.

ऑपरेशनच्या दोन दिवस आधी परळच्या हॉस्पिटलात दाखल झालो. दुपारी सिस्टर सुजाता स्टूल ओढून कॉटजवळ बसली. काळाचौकीत वाढलेली, भरभर बोलणारी मुलगी. तिने टोटल लॅरिंजेक्टोमी समजावली, म्हणजे स्वरयंत्र पूर्ण काढणं. मग स्टोमा, म्हणजे गळ्याला पुढून केलेलं कायमचं भोक. यापुढे श्वास तिथूनच. आंघोळ करताना त्यात पाणी जाता कामा नये.

मी मान डोलावत होते.

‘‘काकी, आता मी पेशंट आणि तुम्ही सिस्टर. मला दम लागला. ऑक्सिजन कुठे लावणार?’’

‘‘नाकाला,’’ मी म्हणाले.

मला वाटलं, आता ओरडणार. ती म्हणाली, ‘‘माझंच सांगणं कमी पडलं, थांबा,’’ आणि औषधाच्या खोक्यावर पेनाने गळ्याचं चित्र काढून दाखवलं. चौथ्या वेळेला माझं बरोबर आलं: नाकाला नाही, गळ्यावरच्या भोकाला.

मग तिने यांना विचारलं, ‘‘काका, सगळ्यात जास्त भीती कसली वाटते?’’

‘‘अगं, यांना ना...’’ मी सुरू केलं. तिने माझ्या मनगटावर हात ठेवला. ‘‘एक मिनिट काकी. मी काकांना विचारलं ना?’’

मग हे घोगऱ्या आवाजात म्हणाले, ‘‘सकाळी पेपर कोण वाचणार?’’

मला हसू आलं. रोज सकाळी मी पोळ्या करत असताना हे दारात खुर्ची टाकून पेपर मोठ्याने वाचायचे. निधनवार्तांपासून पाणीकपातीपर्यंत सगळं. मी म्हणायची, मला वाचता येतं, हळू वाचा. सिस्टर मात्र हसली नाही. म्हणाली, ‘‘आजच फोनवर आवाज रेकॉर्ड करा. नंतर मिळणार नाही.’’

दुसऱ्या दिवशी तिने विचारलं तेव्हा मी सांगून टाकलं, ‘‘हो, केला.’’ खरं तर केला नव्हता. आजूबाजूला पेशंट ऐकताहेत आणि आम्ही नवरा-बायको फोनसमोर बसून बोलणार, या कल्पनेनेच लाज वाटली होती.

‘‘ऐकवा बघू,’’ सिस्टर म्हणाली. चोरी पकडली गेली. ‘हो’ म्हटलं की ते झालं, असं ती मानतच नसे. तिने पडदा ओढला, फोनवर रेकॉर्डिंग चालू केलं, यांच्या हातात पेपर दिला आणि बाहेर जाऊन उभी राहिली.

ऑपरेशन नीट झालं. नाकातल्या नळीने जेवण, मग सक्शन, म्हणजे यंत्राने स्टोमातला कफ ओढून काढणं. मला ते जमेना. सिस्टर शेजारी उभी राहून माझ्याकडूनच करून घ्यायची, आणि हात बसल्याशिवाय तिने आम्हाला घरी जाऊ दिलं नाही. आज यांची तब्येत चांगली आहे, ते तिच्या त्या हट्टामुळे. पुढे एक व्हॉल्व्ह बसवता येईल, असं डॉक्टर म्हणतात. त्यातून बोलता येतं, पण आवाज वेगळा असतो.

घरी आल्यावर पहिल्या सकाळी तवा तापला आणि स्वयंपाकघरात नुसता तव्याचाच आवाज. मला राहवेना. आत जाऊन मी रेकॉर्डिंग लावलं.

चार मिनिटं आहे ते. हे वाचायला लागतात आणि मी म्हणते, चष्मा नीट लावा. पुन्हा लागतात, तर मी, अहो ते नको, दुसरं वाचा. हे बातमी सुरू करतात आणि मीच संपवते. चारांतली तीन मिनिटं माझीच आहेत. यांचं पूर्ण म्हणावं असं वाक्य एकच: ‘‘अगं, मला बोलू दे ना जरा.’’

तेवढंच मी पुन्हा पुन्हा ऐकते. ज्या आवाजाला जन्मभर हळू म्हणत आले, तो एकदा, फक्त एकदा, पाणीकपातीची बातमी शेवटपर्यंत वाचताना ऐकायला मिळावा, असं रोज वाटतं.

आता हे पाटीवर लिहितात. पहिला शब्द उमटला की पुढचं मला कळतं, तरी मी बोलत नाही. लिहून होईपर्यंत ओठ मिटून उभी राहते. सिस्टरने शिकवलेल्यातलं हेच सगळ्यात अवघड. सक्शन त्यापुढे सोपं. तुम्ही कुणाची सेवा करत असाल, तर हे आधी शिका. मी फार उशिरा शिकले.

परवा सकाळी अशीच उभी होते. यांनी सावकाश लिहिलं, मधे थांबले, पुन्हा लिहिलं. मग पाटी माझ्याकडे फिरवली.

‘इतकी गप्प नको राहूस. पेपर वाच. मोठ्याने.’