उलट्या प्रदक्षिणा आणि माझा गुडघा

हसायला हरकत नाही, फक्त चहाचा कप आधी खाली ठेवा. मागच्या वेळी हा किस्सा सांगितला तेव्हा माझ्या नणंदेची नवी साडी वाया गेली.

गुडघा मोडला कसा, तिथपासूनच सांगते. अब्रू तिथूनच जायला लागली. रोह्याला माहेरी गेले होते, संक्रांतीचं हळदीकुंकू, आणि त्यात संगीत खुर्ची. शेवटची एकच खुर्ची उरली. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला मला चौथीला शिकवलेल्या, आता निवृत्त झालेल्या बाई. बाईंना खुर्ची मिळाली. मला लिगामेंटचं ऑपरेशन मिळालं.

माझं सासर पेणजवळ, जित्याच्या पुढच्या एका गावात. हे डोलवीला कंपनीत, शिफ्टमध्ये. घरात सासूबाई, मी आणि आमची साडेतीन वर्षांची मनू. सासूबाईंचं मत असं, की दुखरा पाय अजिबात हलवायचा नाही. "खांब रोवला की हलवतात काय गो?" असं त्या मला रोज विचारायच्या. पेणचा फिजिओथेरपिस्ट म्हणायचा, मॅडम, हलवला नाही तर आखडेल. मी बी.एस्सी. झालेली. त्यामुळे दोघांचंही म्हणणं मला पटायचं आणि दोघांचीही भीती वाटायची.

निर्णय मनूने घेतला. एके सकाळी ती अंगणातून सुटली ती थेट रस्त्याकडे. आमच्या रस्त्यावरून डंपर जातात. मी खुर्चीतून उठायला गेले आणि गुडघ्याने साफ नकार दिला. बसल्याजागी ओरडत राहिले, बाकी काय करणार? शेजारच्या बेबीकाकूंनी तिला धरून आणलं. त्या दिवशी मी ठरवलं, पावसाळ्याच्या आत मला पळता आलं पाहिजे. नुसतं चालता नाही. पळता.

मग काय, टॉवेलच्या गुंडाळ्या दाबल्या, पाय उचलले, भिंतीला पाठ लावून घसरले. सगळं दार लावून, कारण बाहेर सासूबाई. पुढे थेरपिस्ट म्हणाला, आता उलटं चालायचं. मागे मागे. सपाट जागा हवी आणि धरायला आधार हवा.

आता तुम्हीच सांगा, आमच्या गावात सपाट जागा कुठली? अंगणात वाल वाळत पडलेले, रस्त्याला खड्डे, शेतात बांध. राहिलं गावदेवीचं देऊळ. भोवती गुळगुळीत फरशी, कडेला लोखंडी कठडा, दुपारी चिटपाखरू नसतं. मनू झोपली की मी देवळात. एक हात कठड्यावर, पाठ पुढे, तोंड मागे. सरकत होते प्रदक्षिणेच्याच दिशेने, तेवढे संस्कार आहेत. तोंडाने आपलं चालू: चवडा, टाच, चवडा, टाच.

पहिल्यांदा पाहिलं ते बेबीकाकूंनी. मी सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात जोडले आणि मान वळवून निघून गेल्या.

आमच्याकडे कोणी नवस फेडत असलं तर त्याला मध्ये थांबवत नाहीत. कशासाठी, हेही विचारत नाहीत. सांगितलेला नवस फळत नाही म्हणतात. हे मला लहानपणापासून माहीत आहे. ते मला लागू पडेल, एवढंच डोक्यात आलं नाही.

मग कठड्याला कोणीतरी फुलं खोचून ठेवायला लागलं. छान वाटायचं. आणि सासूबाई तर पार बदलल्या. दुपार झाली की स्वतःच म्हणायच्या, "जा गो, वेळ झाली. मनूला मी बघते." निघताना हातात तूप घातलेल्या दुधाचा पेला. मी ह्यांना अभिमानाने सांगितलं, बघा, समजावून सांगितलं की जुनी माणसंही शास्त्र मानतात. समजावलं मी काहीच नव्हतं, पण श्रेय घ्यायला काय जातं?

एकदा मी सासूबाईंना म्हटलं, "आई, धीर धरायला हवा. नेमाने केलं की होईल."

"व्हनारच," त्या म्हणाल्या. "मी आशा सोडली नव्हती." आणि पदराने डोळे पुसले. माझ्या गुडघ्याची एवढी काळजी! मलाही भरून आलं.

पुढे बेबीकाकूच येऊन उभ्या राहिल्या. आम्ही केलं तर चालेल का, म्हणाल्या. त्यांचं वय बघून मी म्हटलं, तुम्ही तर करायलाच हवं. त्यांच्यामागून आणखी चौघीजणी आल्या. मी कंबर कसून शिकवायला लागले. टाच आधी नको काकू, चवडा आधी. गुडघा जरा सैल. मागे बघायचं नाही. त्या प्रश्नही विचारायच्या: जेवून करायचं की उपाशी? मंगळवारी सुरू केलं तर चालेल? मी सांगायचे, वार कुठलाही चालतो, खंड पडता कामा नये. त्या एकमेकींकडे बघायच्या. देवी फारच कडक दिसते, असं काहीसं त्यांच्या मनात असणार. उलट्या चालणाऱ्या रांगेत कोणालाच पुढचं दिसत नाही. कोपऱ्यावर रोज टक्कर व्हायची. एकदा तर आम्ही सगळ्याजणी पाठमोऱ्या गुरवाच्या पूजेच्या ताटावर जाऊन आदळलो. त्या बिचाऱ्यानेही हात जोडले.

मग बेबीकाकूंचा मुलगा कंपनीत पर्मनंट झाला. काकू पेढे घेऊन आल्या आणि माझ्या पाया पडायला लागल्या. मी मागे सरकत विचारलं, तुमचे पाय कसे आहेत आता? त्या म्हणाल्या, पायांना काय झालंय?

इथे मला शंका यायला हवी होती ना? नाही आली. मी पेढा खाल्ला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मनू लवकर उठली म्हणून सासूबाई तिला घेऊन देवळात आल्या. समोरून शेळीचं करडू गेलं. मनूने त्यांचा हात सोडवला, पायऱ्या उतरली आणि करडामागे रस्त्याकडे धावली. वळणावर डंपरचा हॉर्न वाजला.

कठडा कधी सोडला, पायऱ्या कशा उतरले, आठवत नाही. सरळ पळाले. रस्त्याच्या कडेला तिचा फ्रॉक मुठीत आला, आणि समोरून डंपर धूळ उडवत गेला. मनूला उचलून उभी राहिले. गुडघा उभा होता. मी हसत होते की रडत होते, कोण जाणे.

मागे वळले तर सगळ्या बायका तोंडावर हात ठेवून उभ्या. सासूबाई लगबगीने माझ्याकडे येत होत्या.

"आई, बघितलंत? पळाले मी!"

"अक्कल हाय का गो तुला? अशा दिवसांत पळतात?"

"कशा दिवसांत?"

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. शेवटी बेबीकाकू हळूच म्हणाल्या, "सांगू नको गो. तीन महिने सांगायचं नसतं."

तेव्हा कुठे उजेड पडला. दूध, फुलं, सासूबाईंचे ते डोळे. गाव माझ्या पोटाकडे बघत होतं, आणि मी गावाला गुडघा दाखवत होते. मी सगळं खरं सांगून टाकलं. नवस नाही, व्यायाम आहे, पेणच्या डॉक्टरने सांगितलाय, बाकी काही म्हणजे काही नाही. त्या प्रेमाने माना डोलावत राहिल्या. व्हय गो व्हय, नायच म्हणायचं असतं. मी जितकी शपथ घेई, तितकी त्यांची खात्री वाढे.

संध्याकाळी हे शिफ्टवरून आले. वडखळच्या नाक्यावर कोणीतरी ह्यांचं अभिनंदन केलं होतं. बूट काढता काढता ह्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "अगं, मला काही सांगायचं राहिलंय का?"

आता थेरपिस्ट म्हणतो, उलटं पुरे, रोज पळा. पण सरळ गेले तर नवस पावला, उलटं गेले तर नवस चालू, मी करू तरी काय? म्हणून ठरवलं, पळायचंच, तेही सगळ्या गावासमोर. दोन-चार महिन्यांत पोट दिसलं नाही की आपोआप समजतील. सासूबाईंशी दोन दिवस भांडून परवानगी मिळवली. त्यांची अट एकच, तूप-दूध आणि डिंकाचे लाडू त्यांच्या डोळ्यांसमोर संपवायचे.

रोज पळते. रोज संपवते.

काल बेबीकाकूंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि समाधानाने सासूबाईंना म्हणाल्या, "आता दिसायला लागलं गो."