वजावटीतला आवाज

व्हिडिओ गेम बनवणाऱ्या त्या छोट्या कंपनीत सगळे त्याला कानसेन म्हणत. गेममधले आवाज तयार करणं हे त्याचं काम. गवतातून चालणाऱ्या पावलांचा आवाज तो जुन्या कॅसेटची फीत मुठीत चुरगळून काढायचा, आणि खेळणाऱ्याला गवतच ऐकू यायचं.

कंपनी एका मोठ्या कंपनीला विकायची ठरली, तेव्हा तिचं मोल ठरवायला एक बाई आल्या. टेबलं, खुर्च्या, संगणक यांच्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. रोज किती माणसं गेम खेळायला परत येतात, त्याचे हक्क कुणाकडे आहेत आणि विक्रीनंतर कोण कोण टिकेल, एवढंच त्या विचारत होत्या. चार वर्षं खपून अर्धा झालेल्या नव्या गेमपुढे त्यांनी शून्य मांडलं. अकरा वर्षं चाललेला जुना गेम मात्र त्यांनी कसून तपासला.

"यात वाट सांगणाऱ्या बाईंचा आवाज कुणाचा?"

"माझ्या ताईचा," कानसेन म्हणाला.

"करार कुठाय?"

"सख्ख्या बहिणीकडून कुणी लिहून घेतं का, मॅडम? माझा विसरलेला डबा द्यायला आली होती. बसवली माइकपुढे."

"मग आता सही घेऊ या."

"ती गेली. तीन वर्षं झाली."

बाईंनी तक्ता बाजूला सरकवला. मग हळूच म्हणाल्या, की वारसाची सही आणा, नाहीतर आवाज काढा. तोवर किमतीतून मोठी रक्कम कापावी लागेल. कानसेनने त्यांचा तक्ता पाहिला. आवाज गोड आहे म्हणून त्यात कुठे दमडीही धरलेली नव्हती. ताई फक्त वजावटीत होती.

"इथे सव्वीस घरं चालतात रे," मालक म्हणाला. "भाचीकडे जाऊन ये."

भाची कपड्यांना इस्त्री करत होती. "मामा, मुलगी बघायला आल्यासारखा काय बसलायस? नीट टेक की."

त्याने कागद पुढे केला. तिने वाचला. "कुठल्याही कामासाठी, कुठल्याही भाषेत, कायमचा... म्हणजे आई उद्या साबण विकणार?"

"विकेल. यंत्र आता कुणाच्याही आवाजात काहीही बोलतं."

"आणि शिव्या द्यायला लावल्या तर?"

"त्याही देईल."

"आई 'गाढवा'च्या पुढे कधी गेली नाही रे."

"तेही मलाच म्हणायची."

दोघं हसली. इस्त्रीचं बटण बंद करून भाची म्हणाली, "तू अडचणीत असशील तर करते सही. पेन दे."

कानसेनचा हात खिशाकडे गेला. पेन खिशातच होतं.

"विसरलो बघ," असं म्हणून त्याने कागदाची घडी घातली.

ताईची वाक्यं त्यानेच काढली. दोनशे बारा होती. एकही मध्येच तोडवेना, म्हणून प्रत्येक शेवटपर्यंत ऐकायचा आणि मगच पुसायचा. चार दिवस गेले. त्या जागी एका नटीचा स्वच्छ आवाज बसला. वजावट गेली, सौदा झाला, लोकांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. त्याला कुणी वावगं बोललं नाही. चांगलंही कुणी बोललं नाही.

त्या वाक्यांवर आता भाचीचा हक्क होता. पुसण्याआधी त्याने त्यांची एक प्रत करून ठेवली होती, ती तो तिच्याकडे घेऊन गेला. ती डोळे मिटून ऐकत बसली.

"डावीकडे वळ. सावकाश. पुढे पाणी आहे."

दहाबारा वाक्यं झाल्यावर तिने डोळे उघडले. "आईच आहे. पण अशी सलग कधी बोलायची ती? मध्येच खोकायची, हसत सुटायची, 'हे काय लिहिलंयस' म्हणून अडायची. ते कुठंय, मामा?"

कानसेनने आवाज बंद केला. ते सगळं ताई डबा घेऊन आली त्या दिवशी टिपलं गेलं होतं. वाक्यं निर्मळ व्हावीत म्हणून त्यानेच कान लावून एकेक खोकला, एकेक हसू हुडकलं होतं.

"काढलं गं," तो म्हणाला. "फार मेहनतीनं काढलं."