नफरत, डिसगस्ट आणि मोहाचा वास

मला तिसरा महिना लागला होता तेव्हा आई मला भेटायला चांद्याला आली, आणि मी तिच्या पायांवर ओकले.

आता याहून वाईट सुरुवात कुठली सांगू? पण झालं ते असंच. आमचं गाव गडचिरोलीच्या पलीकडं, जंगलाला लागून. पौषातल्या थंडीत आई अंधारातच निघाली, डोंग्यानं वैनगंगा ओलांडली आणि मोटारीत उभी राहून चांद्याला आली. लेकीला पहिल्यांदा दिवस गेले म्हणून मोह भाजून, तीळ घालून कांडलेले लाडू फडक्यात बांधून आणले होते. दारातच तिनं मला पोटाशी धरलं. तिच्या लुगड्याला मोहाचा वास होता. आमच्या घरी मोहाची वाळलेली फुलं बांबूच्या ढोलीत वर्षभर भरलेली असत. तो गोड, आंबूस वास भिंतींना, गोधड्यांना, आमच्या केसांनाही असायचा. त्या वासात तर मी वाढले. आणि त्या दिवशी तोच वास नाकात गेला नि पोटातलं सगळं बाहेर आलं.

‘होते, पोरी, होते,’ म्हणत आईनं पाय धुतले. पुन्हा जवळ आली, पुन्हा तेच. मग मात्र ती उंबऱ्यापाशी बसली आणि तिथूनच बोलत राहिली. आठवडाभर राहीन म्हणून आलेली बाई दुसऱ्या दिवशी सकाळी निघाली. गाठोडं काखेत मारलं आणि मला विचारलं, ‘तू माहा राग त नाई न करत वं?’

मी ‘नाई’ म्हणायला तोंड उघडलं आणि, हाय रे कर्मा, नेमकी त्याच घटकेला ओकारी आली. तोंड दाबून मोरीकडं पळाले. परत आले तोवर ती निघून गेली होती. आमचे मास्तर, म्हणजे माझे यजमान, तिला मोटारीवर पोचवायला गेले होते.

पहिलं बाळंतपण खरं तर माहेरी. पण चांद्यात दवाखाना आहे म्हणून मास्तरांनी हट्ट धरला होता, आणि आईनं ज्येष्ठात येऊन राहायचं असं ठरलं होतं. आता ती येते की नाही, याचीच मला धास्ती. तिच्यावाचून बाळंत व्हायचं या विचारानं मला रडू फुटायचं.

मास्तर शाळेत इंग्रजी शिकवत. त्यांना विचारलं, ‘माणूस नकोसा होणं आणि वास नकोसा होणं, याला इंग्रजीत एकच शब्द आहे का हो?’ असलं काही विचारलं की मास्तरांची कळी खुलायची. पोळी ताटातच ठेवून म्हणाले, ‘छे! हेट वेगळं, डिसगस्ट वेगळं. हेट मनाचं. डिसगस्टमधलं गस्ट म्हणजे मुळात चव बघ. चव बिघडली, पोट उलटलं की डिसगस्ट.’

शेजारी एक चाची राहायच्या, राजुऱ्याकडच्या. राजुरा तेव्हा हैदराबादकडं होतं. गल्लीतल्या मुलींना त्या कुराण वाचायला शिकवत, आणि त्यांच्या वडिलांनी त्यांना अरबी अर्थासकट शिकवली होती. मी त्यांच्यापाशी रडले तेव्हा म्हणाल्या, ‘दिल में जो घर करके बैठता है, वो बुग्ज है बेटी. नफरत का असल मतलब तो जानवर का बिदकना है. तू जंगल की बेटी, हिरन को बिदकते नहीं देखा?’

पाहिलं नाही तर काय! पाचोळा वाजला की हरीण उधळतं. त्याचा कोणावर राग नसतो. मला इतकं मोकळं वाटलं म्हणून सांगू! इंग्रजांनी आणि अरबांनी मिळून मला निर्दोष सोडलं होतं. आमच्या गावचे एक भाऊ बांबूच्या गाड्या घेऊन चांद्याला यायचे. त्यांच्याबरोबर मी मोठ्या शहाणपणानं निरोप धाडला, ‘आईले म्हणा, माह्या मनात काईच नाई. हे पोटाचं हाये. मोहाच्या वासाचं हाये, तिचं नाई.’

दोन भाषा पालथ्या घालून काढलेला निरोप! मी स्वतःवर फार खूश होते.

फाल्गुन लागला आणि ओकाऱ्या थांबल्या. चैत्रात तर उलटंच झालं. बाजारात कुणी मोहाचं पोतं उतरवलं की मी तिथंच घुटमळायची. ‘मास्तरीणबाई दारूच्या दुकानाकडं वळल्या की काय, म्हणतील लोक,’ मास्तर चिडवायचे. चिडवू देत. मला आईचे ते लाडू हवे होते, तिच्या लुगड्यात तोंड खुपसायचं होतं. ज्येष्ठाची मी वाट बघत होते.

नदी भरायच्या आत आई आली. धुवट लुगडं, शिकेकाईनं धुतलेले केस. गळ्याची हाडं वर आलेली. उंबऱ्यापाशीच थांबून म्हणाली, ‘जवळ येऊ का?’

मी जड पोटानं धावलेच. तिच्या पदरात नाक खुपसलं. साबणाचा वास आला. मी पदर बाजूला सारून तिच्या मानेशी नाक नेलं. तिथंही साबणच.

‘लाडू कुठी हायेत, आई? मोह नाई आणला?’

‘येचलाच नाई यंदा.’

‘वयनीनं?’

‘तिलेही नाई येचू देल्ला. दादा लय बोलला, मी आयकलं नाई. घरात आला का वास भितीले बसते न वं. ढोली बी नदीवर नेऊन घासली.’

वैशाखात आमच्या घरातला तांदूळ संपतो. त्यानंतर पाऊस लागेपर्यंत आमचं घर मोहावर जगतं, हे मला सांगायला हवं होतं का कुणी? मी तिथलीच ना?

‘मंग खाल्लं काय तुम्ही?’

‘खाल्लं काईतरी,’ आई म्हणाली.

मागं मास्तर उभे होते. चाचीही दारात आल्या होत्या. दोघांनी दिलेले शब्द खरेच होते, चूक त्यांची नव्हती. पण मला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं.

आईला यातलं काही कळत नव्हतं. तिचा चेहरा फुलला होता. हात पुढं करून तिनं माझ्या नाकाशी धरला आणि विचारलं, ‘पाह्य बरं, आता काईच वास येत नाई न?’

‘नाई येत,’ मी म्हटलं. तोंड लपवायला मला तिचाच पदर घ्यावा लागला.