तीन बिऱ्हाडांचं घर

अमेरिकेतल्या ब्रॉकटनच्या इवांद्रा तावारेसने वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची अंगं पुसून चार पैसे साठवले आणि तीन मजल्यांचं लाकडी घर घ्यायला निघाली. साडेतीन टक्के पदरचे, बाकी कर्ज. इतक्या थोडक्यात बँक कर्ज देते ती एकाच अटीवर: घेणाऱ्याने त्या घरात स्वतः राहायचं. उरलेल्या दोन बिऱ्हाडांच्या भाड्याने हप्त्याला हातभार लागणार होता.

"केप व्हर्देच्या बेटांवरून आलीस तेव्हा अंगावरचा कोटसुद्धा मागून आणलेला, आणि आता घरमालकीण!" मावसबहिणीने नाक मुरडलं. असल्या बोलण्याने खचणारी असती तर इवांद्रा केव्हाच परत गेली असती.

खरं कारण तिची आई, दोमिंगास. तिचे गुडघे पार कामातून गेले होते, म्हणून तळमजलाच हवा होता. पण तिथे आल्डोना पेटकुस नावाची ऐंशीची लिथुआनियन बाई वर्षानुवर्षं एकटी राहत होती. मधल्या मजल्यावर एक कुटुंब होतं. रिकामं होतं ते फक्त सगळ्यात वरचं बिऱ्हाड.

"म्हातारीला नोटीस दे, कायदा तुझ्या बाजूने आहे," दलाल म्हणाला. "पहिलं घर घेणाऱ्यांना उगाच दया येते." आणि हसला. कानफटात द्यावी असं हसणं.

किल्ल्या हातात आल्या त्या दिवशी इवांद्राने मन घट्ट करून तळमजल्याचं दार वाजवलं. आल्डोनाबाईंनी उघडलं. आत भांडी वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यांत भरलेली.

"मालक खालीच राहतात, ठाऊक आहे मला," त्या म्हणाल्या. "पुतण्या गाडी आणेल शनिवारी. तेवढा वेळ दे, मुली."

इवांद्राच्या मागे काठी टेकत दोमिंगास येऊन उभी राहिली होती.

"ही कुठे निघाली?"

"मम्मा, तुझे गुडघे..."

"माझे गुडघे माझ्यापाशी! हिला बाहेर काढून हिच्या ओट्यावर मी मक्याचा कचुपा शिजवू? तो घशाखाली उतरेल माझ्या? जिना कुठाय?"

आल्डोनाबाई खोक्याला धरून मटकन बसल्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, "बसत बसत चढा हो. मला आता निघायची घाई नाही, तुम्हाला चढायची कसली?"

मधल्या मजल्यावरच्या बाईने खुर्ची आणून ठेवली. दोमिंगास प्रत्येक वळणावर टेकली, पायऱ्या बांधणाऱ्याला शिव्या घातल्या, संतांना हाका मारल्या. मागून चढणाऱ्या इवांद्राचा जीव तुटत होता. आईसाठी घर घेतलं आणि आईलाच ही शिक्षा.

वरच्या रिकाम्या स्वयंपाकघरात म्हातारी धापा टाकत छताकडे बघत राहिली.

"नाही ना जमणार, मम्मा?"

"गप. ऐक जरा."

"काहीच ऐकू येत नाहीये."

"तेच तर! या देशात आल्यापासून तळघरात राहिले, डोक्यावर कायम कोणाचे तरी पाय." दोमिंगासने काठी भिंतीला टेकवून ठेवली. "आता वर देव तेवढा. तो काही पाय आपटत नाही."