चुऱ्याची पुडी

...तर चुरा बिस्किटाचाच होता, यात शंका नको. फौजदारीणबाईने तो दिराच्या एप्रनच्या खिशातून काढला, हुंगला आणि कागदाच्या पुडीत बांधून ठेवला.

फौजदारीण हे काही तिचं खरं नाव नव्हे. प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या खोलीची देखरेख तिच्याकडे. पिंजरे धुवायचे, भुसा बदलायचा आणि उरलेल्या वेळात जगावर संशय घ्यायचा! धाकटा दीर तिच्याच शब्दावर तिथे चिकटला होता, उंदरांना खाद्याच्या गोळ्या घालायला. माणूस गोल गरगरीत, त्यात साखरेचा आजार.

आणि झालं असं, की एका वेताच्या पिल्लांत बाकीची सडसडीत राहिली, दोघं मात्र फुगून लोकरीचे गुंडे झाले. त्यांचा भुसाही सारखा ओलाचिंब.

"भावोजी, या दोघांना काय चारता?"

"बाकीच्यांना घालतो तेच."

"मग काय हवा खाऊन फुगले?"

"वहिनी, मलाही लोक हेच विचारतात."

"हसण्यावारी नेऊ नका!" म्हणत ती पुडी घेऊन थेट डॉक्टर मॅडमकडे.

मॅडम गंभीर झाल्या. "बाहेरचं खाणं घातलं असेल, तर प्रयोग पाण्यात आणि तुमच्या दिराची नोकरीही."

नोकरी गेली तर? घरी जाऊ होती, तिची लेकरं होती. पण संशय एकदा अंगणात आला, की उंबऱ्याशी थोडाच थांबतो?

मॅडमनी एक गुंडा आणि त्याचा एक सडसडीत भाऊ वेगवेगळ्या पिंजऱ्यांत ठेवले. दोघांना सारखंच, तोलून खाद्य. खोलीची किल्ली फौजदारिणीच्या कमरेला. दिराला आत यायची बंदी. घरी जाऊ भांडी अशी आपटी, की शेजारी डोकावून जात.

काही आठवड्यांनी वजन केलं. भाऊ तसाच सडसडीत, गुंडा आणखी फुगलेला!

"काटा बदला," फौजदारीण म्हणाली.

काटा बदलला. गुंडा बदलला नाही.

"दोष चारणाऱ्याचा नाही, जनुकाचा," मॅडम म्हणाल्या. "पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचतच नाही. मोजकं खाल्लं, तरी अंग ते साठवत बसतं. पुढे रक्तात साखर वाढते, लघवी वाढते, म्हणून भुसा ओला."

"पण आईबाप तर काडीसारखे!"

"दोघांकडे त्या जनुकाची एकेक बिघडलेली प्रत लपलेली. एकीने काही दिसत नाही. ज्या पिल्लाला दोन्हीकडून मिळाली, ते फुगलं."

"तरीच! ते जोडपं मला पहिल्यापासून फार साळसूद वाटायचं."

दिराची नोकरी वाचली. दुसऱ्या दिवशी तो एप्रन चढवून, हाताची घडी घालून वहिनीसमोर उभा राहिला. "उंदीर निर्दोष, मीही निर्दोष. माझंही जनुकच असणार. आता माफी मागा."

फौजदारिणीने जपून ठेवलेली पुडी सोडून त्याच्या नाकासमोर धरली.

"मागते की भावोजी, चुकलंच माझं. पण त्या उंदराच्या खिशात चुरा नव्हता हो!"