पन्नासचं भांडं

डोंगराळ नारीन भागातल्या एका गावात लग्न असो की बारसं, बोझो, म्हणजे वरीची आंबट दारू, बुरुलकानच्याच हातची लागायची. बाई तोंडाची फटकळ, पण तीस वर्षांत मापात खोट नाही. घराघरांतून वरी यायची आणि बोझोचा थेंबन्‌थेंब परत जायचा. जुनी बिडाची कढई तडकली तेव्हा तिनं बाजारातून ॲल्युमिनियमचं मोठं भांडं आणलं. वर चिठ्ठी होती, पन्नास. म्हणजे पन्नास लिटर, असं तिनं धरलं. कढईत ती हात बुडवून माप ओळखायची. या चिठ्ठीवर मात्र तिनं डोळे झाकून विश्वास ठेवला, आणि तिथंच फसली.

नातवाच्या बारशाला विहीण साइराकाननं पन्नास लिटरांपुरती वरी दिली. बुरुलकाननं भांडं भरून बोझो पाठवला. तिकडच्या बायकांनी तो तीन लिटरच्या बरण्यांत ओतला, तर सोळा-सतराऐवजी बरण्या तेराच भरल्या.

"उरलेल्या वाटेत उतरल्या वाटतं कुठं!" विहीण भरल्या अंगणात म्हणाली.

त्या दिवसापासून बुरुलकानची लेक अनारकान सासरी चोरट्या आईची मुलगी झाली. ऊठसूट टोमणे. ऐकून बुरुलकानच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भांडं घेऊन ती दुकानात गेली, तर दुकानदार मेला दात काढून म्हणतो, "ताई, पन्नास हा भांड्याचा नंबर असतो, माप नव्हे!"

"तुझ्या जिभेलाही नंबर लाव एखादा!" असं म्हणून तिनं भांडं पुन्हा गाडीवर चढवलं आणि घरी न जाता थेट विहिणीच्या दारात उतरवलं. शेजारणींना हाका मारमारून गोळा केलं.

"या, चोर बघायला या! विहीणबाई, बरणी तुमची, पाणी तुमचं. तुम्हीच ओता. मी हात लावणार नाही."

साइराकान तोंड वाकडं करून भांड्यात पाणी ओतू लागली. अनारकान बरण्या मोजत होती. तेरावी गेली. चौदावी अर्धी ओतली आणि पाणी काठावरून वाहून विहिणीच्या पायांवर आलं.

"पन्नास कुठायत? दाखवा ना!" बुरुलकान ओरडली. "सगळी वरी यातच शिजवली मी. म्हणून तर बोझो चमचा उभा राहील इतका घट्ट होता! आता म्हणा चोर. म्हणा!"

"चुकलं माझं," विहीण पुटपुटली.

"मोठ्यानं! त्या दिवशी आवाज बरा फुटला होता!"

"चुकलं माझं, विहीणबाई!" साइराकान रस्त्यावर ऐकू जाईल अशी बोलली.

बुरुलकाननं जिंकल्यासारखं लेकीकडे पाहिलं. अनारकान रिकामी बरणी छातीशी धरून रडत होती.

"आता का रडतेस? झालं ना खरंखोटं?"

"आई," अनारकान मान खाली घालून म्हणाली, "मलाही वाटलं होतं, तू थोडा ठेवून घेतलास म्हणून."

दुकानदाराला आणि विहिणीला द्यायला बुरुलकानकडे शिव्यांची पोती होती. लेकीला द्यायला एक शब्द सापडेना.